अनुभव धागा: स्टिअरिंग गाडीवर सोपवाल का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात रस्ते अपघातांत सुमारे ११.९ लाख माणसं गेली. गाडी पीत नाही, पेंगत नाही, मोबाइल बघत नाही, तेव्हा माणसाला स्टिअरिंगवरून उठवाच, हा युक्तिवाद सगळ्यांनी ऐकलाय. इथे वाद नको, अनुभव हवेत.

सुरुवात मी करतो. माझ्या गाडीत लेन धरून ठेवणारी आणि पुढच्या गाडीशी अंतर राखणारी यंत्रणा आहे. कागदोपत्री 'लेव्हल २', म्हणजे काम तिचं आणि जबाबदारी माझी. हायवेला लागल्यावर थोडा वेळ मी डोळ्यांत तेल घालून बसतो. मग खांदे सैल पडतात, नजर इकडेतिकडे जाते. आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे पुसट झाले की बारीकसं 'टिंग' वाजतं, गाडी अंग काढून घेते. तेही ऐन वळणावर! विनाचालक टॅक्सीत कुणी बसलं असेल तर जरूर लिहा.

रात्रीच्या बसचा ड्रायव्हर
पहाटे तीन ते पाच ही वेळ ज्याने चालवून काढलीय त्याला विचारा. डोळे उघडे असतात, पण मागचा पूल कधी गेला ते आठवत नाही. आपोआप ब्रेक मारणारी यंत्रणा आली तेव्हा आमच्यातले जुने लोक हसले होते. हसायला कारणही होतं. एकदा मोकळ्या रस्त्यावर, पुढे काही म्हणजे काही नसताना तिने करकचून ब्रेक मारला आणि प्रवाशांनी शिव्या मला घातल्या. तरी मी तिच्या बाजूने आहे. दाट धुक्यात, मागचे दिवे बंद असलेला एक ट्रेलर रांगत चालला होता. तो मला दिसायच्या आधी तिच्या रडारला दिसला. मालकाला मात्र यातून एवढंच सुचलं, की यंत्रणा आहे ना, मग अजून एक फेरी मार.

दृष्टिहीन प्रवासी
स्टिअरिंग सोडावं का, हा प्रश्न तुमचा. माझ्या हाती ते कधी नव्हतंच. विनाचालक टॅक्सीत बसले तेव्हा 'सोबत कुणी नाही का?' असं विचारणारं कुणी नव्हतं, याचंच केवढं सुख वाटलं! उतरताना पंचाईत झाली. गाडी दारापासून बरीच पुढे थांबली. माणूस असता तर 'ताई, डावीकडे पायरी आहे' एवढं तरी बोलला असता.

अपघात विभागातली नर्स
आमच्याकडे आलेला एकही चालक 'मी वाईट चालवतो' असं म्हणाला नाही. बाकी तुमचं चालू द्या.

चाचणीच्या गाडीत बसलेला
मी 'सेफ्टी ड्रायव्हर' होतो, म्हणजे स्वतः चालणारी गाडी चुकली तर सावरायला सीटवर बसवलेला माणूस. काही करायचं नाही आणि सतत सावध राहायचं, हेच काम. हे माणसाला जमत नाही, लिहून घ्या. २०१८ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपी इथे उबरच्या चाचणी गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. तपासात निघालं, की धडकेच्या पाच-साडेपाच सेकंद आधीच ती यंत्रणेला दिसली होती. पण यंत्रणा तिला कधी वाहन समजे, कधी सायकल, कधी नुसतीच अनोळखी वस्तू, आणि दर वेळी ती कुठे जाईल याचा हिशेब नव्याने मांडी. क्रॉसिंग सोडून कुणी चालत मध्ये येईल, हे तिला शिकवलेलंच नव्हतं. गाडीचा मूळचा आपोआप ब्रेकही चाचणीसाठी बंद ठेवलेला. सीटवरची चालक मोबाइल बघत होती हे खरं, पण फौजदारी खटला चालला तो एकट्या तिच्यावर, कंपनीवर नाही. म्हणून माझं मत असं: ठरलेल्या भागात पूर्णपणे स्वतः चालणारी गाडी परवडली, 'मी चालवते, तू लक्ष ठेव' म्हणणारी नको.

धागाकर्ता
मग काय, माझ्या गाडीतलं सगळं बंद करून टाकू?

चाचणीच्या गाडीत बसलेला
छे! ब्रेकची यंत्रणा चालू ठेवा, तिच्या भरवशावर कुणी पेंगत नाही. लेनची मात्र मुसळधार पावसात आणि रस्त्याचं काम चालू असेल तिथे बंद करा. आणि आतल्या आरशामागे कॅमेरा असतो, त्याच्यासमोरची काच कधी पुसता का? ती आधी पुसा.