प्रश्न फक्त बॅटरीचा नाही

संवेदक-जाळ्यांच्या (ओल, तापमान वगैरे मोजून ती माहिती बिनतारी पाठवणाऱ्या छोट्या उपकरणांच्या जाळ्यांच्या) संशोधनात बॅटरीचे आयुष्य हाच एकमेव खरा अडसर आहे, हे मत मला अर्धेच पटते. नोडमधील (जाळ्यातल्या एकेका उपकरणातील) रेडिओ गणन करणाऱ्या चिपपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा खातो, आणि नुसता ऐकत राहिला तरी त्याचा खर्च प्रसारणाच्या जवळपास जातो. म्हणूनच त्याला बहुतेक वेळ झोपवून ठेवणारे प्रोटोकॉल, म्हणजे नोडांनी आपसात बोलण्याचे नियम, आले. पण सगळे नोड एकाच क्षणी जागे व्हायचे तर त्यांची घड्याळे जुळायला हवीत, आणि दहा लाखांत २० भागांची चूक असलेले, घड्याळ चालवणारे साधे क्रिस्टल दिवसाला सुमारे १.७ सेकंद मागेपुढे होते.

दुसरी अडचण मी खानापूर तालुक्यातल्या आमच्या उसाच्या फडातच पाहिली. मातीची ओल मोजणारे सहा नोड मे महिन्यात व्यवस्थित बोलत होते. ऑगस्टमध्ये ऊस डोक्यावर गेला, पाने पावसाने निथळू लागली, आणि बांधाकडचे दोन नोड गप्प झाले. चिखल तुडवत जाऊन बॅटऱ्या तपासल्या, तर दोन्ही भरलेल्या! हे नोड ज्यांवर बोलतात त्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओल्या पानांत बऱ्याच शोषल्या जातात. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यातील लोरा ही लांब पल्ल्याची बिनतारी पद्धत अशा ठिकाणी दूरवर पोचते, मात्र डेटाचा वेग फार कमी मिळतो.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, नवे प्रोटोकॉल केवळ संगणकावरच्या सिम्युलेशनवर न पारखता ते एक पूर्ण पावसाळा शेतात चालवून पाहावेत.