पीएचडीला विद्यापीठाचं नाव बघायचं का गाईड? १५ एप्रिलच्या आत कळवायचंय

कवठीचाफा

नमस्कार मंडळी. दोनेक वर्षं नुसती वाचत असते इथे, लिहितेय पहिल्यांदाच आणि लांबण लागणारे, सांभाळून घ्या.

मी सांगलीकडची. पुण्यात एमए इकॉनॉमिक्स केलं, गेल्या वर्षी जेआरएफ (नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) निघाली, सध्या एका सीनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतेय. पगाराचं सोडा पण शिकवायला आवडतं हे आता नक्की कळलंय, म्हणजे पुढे प्राध्यापकच व्हायचंय, बँक-बिंक नको. आता तीन रस्ते दिसतायत. एक म्हणजे राज्यातल्याच एका विद्यापीठात एक मॅडम आहेत, शेतमालाच्या बाजारांवर त्यांचं काम आहे आणि मलाही तेच करायचंय (आमच्याकडे हळद आणि बेदाण्याचे सौदे लहानपणापासून बघत आलेय, व्यापारी आणि अडते मिळून भाव कसा ठरवतात हे मला नीट आकड्यांत मांडायचंय), त्या मला घ्यायला तयार आहेत पण चार वर्षांनी रिटायर होतायत. दुसरं, गोरेगावला आयजीआयडीआरला (इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था) अर्ज केलाय, तिथून अजून काही नाही. आणि तिसरं, अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठाची ऑफर आलीये, पाच वर्षं फंडिंग, ट्यूशन माफ, टीएचं (प्राध्यापकांना शिकवण्यात मदतीचं) काम करायचं. पण इकॉनॉमिक्सच्या रँकिंगमध्ये ते डिपार्टमेंट कुठेतरी नव्वदीत आहे.

माझा एक सीनियर तिकडे चांगल्या ठिकाणी आहे, तो म्हणाला टॉप ३० नसेल तर जाऊच नको, सहा वर्षं फुकट जातील. मामा म्हणतात अमेरिका ती अमेरिका, परत आलीस की दारात हार घेऊन उभे राहतील. आई काय म्हणते ते तुम्हाला माहितीच आहे.

१५ एप्रिलपर्यंत हो-नाही कळवायचंय आणि मला रोज रात्री वेगळं वाटतं. खरंच नावाने एवढा फरक पडतो का?

---

आकडेमोड्या

पडतो. सीनियर खोटं बोलत नाहीये, फक्त अर्धंच बोलतोय.

मी स्वतः असल्याच एका नव्वदीतल्या डिपार्टमेंटमधून पीएचडी केली, सहा वर्षं लागली, आता एका छोट्या टीचिंग कॉलेजात आहे, सेमिस्टरला तीन कोर्स शिकवतो आणि रिसर्च उन्हाळ्यात जमला तर. आधी वाईट बातमी घे. २०२२मध्ये नेचरमध्ये एक मोठा अभ्यास आला होता, पीएचडी देणाऱ्या अमेरिकन विद्यापीठांतल्या जवळपास ३ लाख प्राध्यापकांचा, २०११ ते २०२० या काळातला. त्यात निघालं की अमेरिकेत शिकलेल्या प्राध्यापकांपैकी ८० टक्के लोक जेमतेम २० टक्के विद्यापीठांतून आलेले. त्यातही बर्कली, हार्वर्ड, मिशिगन, विस्कॉन्सिन-मॅडिसन आणि स्टॅनफर्ड ही पाचच मिळून आठातला एक प्राध्यापक देतात. त्याआधी २०१५मध्ये कॉम्प्युटर सायन्स, बिझनेस आणि इतिहास या तीन विषयांवर असाच एक अभ्यास झाला होता, त्यात ज्या विद्यापीठातून पीएचडी केली त्यापेक्षा वरच्या विद्यापीठात नोकरी लागलेले लोक ९ ते १४ टक्केच होते. म्हणजे पाणी खालीच वाहतं. तू नव्वदीतून बाहेर पडलीस की साधारण नव्वदीच्या खालीच कुठेतरी लागशील असं धरूनच चाल.

हे का होतं तर निवड कमिटीकडे एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात आणि वाचायला तीनचार माणसं, ज्यांचे स्वतःचे क्लास चालू आहेत. सगळे पेपर कोण वाचणार? मग बघतात शिफारसपत्र कोणाचं आहे, आणि पत्र लिहिणारा माणूस कमिटीतल्या कोणाच्या ओळखीचा आहे का. अगदी स्थळं बघितल्यासारखं आहे, मुलगी नंतर बघतात, आधी घराणं. इकॉनॉमिक्समध्ये तर हे सगळं एका हंगामात होतं, शरद ऋतूत जेओईवर (इकॉनॉमिक्सच्या नोकऱ्यांची यादी) जाहिराती, एकेक जण शंभराच्या वर अर्ज टाकतो, मग पहिल्या फेरीचे इंटरव्ह्यू, पूर्वी जानेवारीच्या कॉन्फरन्सला हॉटेलच्या खोल्यांत व्हायचे ते कोविडपासून झूमवर आले. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशन प्रत्येकाला दोन सिग्नल देते, म्हणजे 'मला खरंच तुमच्याकडे यायचंय' असं फक्त दोन ठिकाणी सांगता येतं. शहाणा माणूस ते हार्वर्डवर वाया घालवत नाही, ज्या छोट्या कॉलेजाला वाटेल की हा कशाला येतोय इकडे, त्याला पाठवतो. मला माझी नोकरी अशाच सिग्नलवर लागली.

आता उरलेलं अर्धं. 'टॉप ३० नाहीतर काही नाही' हे टॉप ३०मध्ये बसून बोलायला सोपं असतं. त्याच्या डोळ्यासमोर रिसर्च विद्यापीठाची नोकरी आहे, तुला शिकवायचंय. तू रँकिंग मिट आणि त्या डिपार्टमेंटचं प्लेसमेंट पेज उघड. पेजवर सगळी नावं छानच असतात, ती वाचून हुरळू नकोस. दरवर्षी किती जण घेतात ते विचार, पेजवर किती नावं आहेत ते मोज, आणि वजाबाकी कर. ती गायब माणसं पहिल्या वर्षानंतरच्या प्रिलिम परीक्षेत उडालेली असतात किंवा कंटाळून गेलेली असतात. दुसरं म्हणजे तुझ्या विषयातल्या एका प्राध्यापकाचे गेल्या काही वर्षांतले विद्यार्थी कुठे आहेत ते एकेक करून शोध. शेतमालावर काम करणारी बरीच चांगली माणसं मिडवेस्टच्या सरकारी विद्यापीठांत अॅग्रिकल्चरल इकॉनॉमिक्सच्या वेगळ्या डिपार्टमेंटमध्ये असतात, इकॉनॉमिक्सच्या रँकिंगवरून त्यांचं काही कळत नाही. तिथे असा कोणी असेल आणि तो तुझ्या थीसिसच्या कमिटीवर येणार असेल तर नव्वदी विसर.

आणि हो, २०२५मध्ये तिकडे भल्याभल्या विद्यापीठांनी भरती गोठवली होती. तू बाहेर पडशील तेव्हा काय असेल ते ब्रह्मदेवाला विचार.

---

तासिकातत्त्ववेत्ता

ताई, नवव्या वर्षी तासिका तत्त्वावर आहे, सेट (नेटसारखीच राज्याची परीक्षा) आहे, पीएचडी आहे, आयडीवरून कळलंच असेल. अमेरिकेचं मला कळत नाही, इकडचं ऐक.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत असिस्टंट प्रोफेसरच्या शॉर्टलिस्टिंगचा तक्ता आहे, तो एकदा काढून बघ. विद्यापीठातल्या पदासाठी पीएचडीला ३० मार्क. कुठलीही पीएचडी. हार्वर्डची ३० आणि आमच्या शेजारच्या टेबलावरच्या सरांनी घासत घासत अकरा वर्षांत केली तीपण ३०. पीजीला ८० टक्क्यांच्या वर असतील तर २५ आणि ६० ते ८०मध्ये असतील तर २३, जेआरएफला ७, नुसत्या नेटला ५, आमच्या सेटला ३. पेपरांना मिळून १० आणि अनुभवाला वर्षाला २ करत १०. या तक्त्यात कुठे दिसतंय का नाव? परदेशी नावाला एकच सवलत आहे, क्यूएस, टाइम्स किंवा शांघायच्या जागतिक रँकिंगच्या यादीत कधीही पहिल्या ५००त आलेल्या परदेशी विद्यापीठाची पीएचडी असेल तर नेट लागत नाही. तुझी नेट आधीच झालीये, म्हणजे ती सवलत तुला काय कामाची. उलट परदेशी डिग्रीचं समकक्षतेचं प्रमाणपत्र काढत फिरायला लागेल ते वेगळंच. (राज्यात मार्कांच्या वाटणीवरून सारखं काही ना काही चालू असतं, त्यामुळे तू अर्ज करशील तेव्हा जाहिरातीसोबतचा तक्ता बघ, माझ्यावर जाऊ नको.)

आणि हे मार्क फक्त मुलाखतीला बोलवण्यापुरते, २०१८च्या नियमांत निवड मुलाखतीवरच आहे. मुलाखतीत काय होतं ते मी आठ वेळा बघितलंय. एका संस्थेत तर मुलाखत झाल्यावर शिपाई बाहेर येऊन म्हणाला सर चहा घेऊन जा, तेव्हाच कळलं आपलं झालेलं नाही, ज्याचं झालं होतं त्याला चहाला आत बोलवलं होतं. आकडा किती चालतो ते इथे लिहीत नाही, सगळ्यांना माहितीये. आरक्षणाचं रोस्टर, मंजूर पदं, वित्त विभागाची परवानगी हे सगळं जुळून जाहिरात येते तेव्हा आपलं वय किती झालं ते मोजायचं. त्यात तू बर्कलीची आहेस का बार्शीची, कोणी विचारत नाही.

माझं ऐकशील तर जा बाई. इकडे थांबून पाच वर्षांनी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसशील, त्या खुर्चीचा एक पाय हलतो.

---

मधलीसुट्टी

वरच्या दोघांनी पोरीला रडवायचं ठरवलंय का. जेआरएफ महिना ३७ हजार आहे, वर एचआरए, दोन वर्षांनी एसआरएफ (त्याच फेलोशिपची पुढची पायरी) ४२ हजार, घरचं जेवण, आवडती गाईड. ते जेआरएफचं लेटर पण कायमचं नसतं, मुदत असते, आणि परदेशी विद्यापीठात ती फेलोशिप चालत नाही. हे सोडून बर्फ उपसायला कशाला जायचं?

---

खडूफळा

मी तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. निवड समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून बऱ्याच वेळा बसलोय, त्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजू सांगतो. तासिकातत्त्ववेत्ते, तुमचा राग रास्त आहे, पण सगळ्या समित्या विकलेल्या नसतात हो. काही ठिकाणी खरंच माणूस शोधत असतात आणि तिथे नावाचा उलटाच घोळ होतो. परदेशातून आलेला उमेदवार बसला की अध्यक्ष पहिला प्रश्न टाकतात, "तुम्ही इथे टिकणार का?" मी एका मुलाला असं नाकारलेलं पाहिलंय, फार चांगला होता. संस्थेला वाटलं हा दोन वर्षांत दिल्लीला उडणार आणि पद पुन्हा रिकामं, मग पुन्हा मंजुरीच्या फेऱ्या.

पण चाफाताई, 'इकडे' म्हणजे एकच बाजार नाही हे कोणी सांगितलं नाही तुम्हाला. अनुदानित कॉलेज आणि राज्य विद्यापीठ हा एक. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, आयएसआय (भारतीय सांख्यिकी संस्था), आयजीआयडीआर हा दुसरा. अशोका, अझीम प्रेमजी अशी नवी खाजगी विद्यापीठं हा तिसरा, त्यांच्या इकॉनॉमिक्सच्या प्राध्यापकांची यादी उघडून पीएचडी कुठली ते वाचा, परदेशातली किती दिसतात बघा. पहिल्या बाजारात तुमच्या मिडवेस्टच्या नावाला यूजीसीच्या विद्यापीठांच्या तक्त्यात तेच ३० मार्क, तिसऱ्यात दार उघडतं, आणि दुसऱ्यात तुमचा पेपर वाचतात, निदान वाचायचे. तेव्हा आधी कुठे शिकवायचंय ते सांगा. सांगलीत शिकवायचं असेल तर उत्तर वेगळं आहे आणि बेंगळुरूत शिकवायचं असेल तर वेगळं.

आता मॅडमचं. यूजीसीच्या २०२२च्या पीएचडी नियमांप्रमाणे निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. मॅडमना चार आहेत म्हणजे आज घेता येईल, पण प्रवेशपरीक्षा, मुलाखत, आरआरसी (संशोधन मान्यता समिती) यात वर्ष गेलं तर काठावर येईल. आणि निवृत्तीनंतर त्या सहमार्गदर्शक म्हणून राहू शकतात, मुख्य मार्गदर्शक दुसरा कोणीतरी होणार. तो कोण, हे आजच विचारा. माझ्याकडे अशा 'वारसाहक्काने' आलेल्या दोन विद्यार्थिनी होत्या, त्यांच्या विषयातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, दोघींनी मला सांभाळून घेतलं.

---

कवठीचाफा

सगळ्यांना खूप थँक्यू. मधलीसुट्टी, तुमचं वाचून आईला दाखवलं, तिने तुम्हाला जेवायला बोलवलंय.

आकडेमोड्यांनी सांगितलं तशी वजाबाकी केली. दरवर्षी आठदहा जण घेतात असं तिथल्या एका मुलीने ईमेलवर सांगितलं आणि प्लेसमेंट पेजवर वर्षाला चार किंवा पाच नावं आहेत. हे बघून पोटात गोळा आला. पण शेजारच्या अॅग्रिकल्चरल इकॉनॉमिक्समध्ये खरंच एक बाई आहेत, धान्याच्या बाजारात मोजक्याच खरेदीदारांच्या हातात भाव असला की काय होतं यावर त्यांचे पेपर आहेत, त्यांचे दोन विद्यार्थी सरकारी विद्यापीठांत शिकवतायत आणि एक परत भारतात आलाय. त्यांना मेल टाकलीये.

खडूफळा सर, कुठे शिकवायचंय या प्रश्नाला मी अडकले. मी आजवर 'प्राध्यापक' म्हटलं की आमच्या कॉलेजचा तो लांब व्हरांडाच डोळ्यासमोर आणत होते, बाकीचं कधी बघितलंच नव्हतं. मॅडमना सहमार्गदर्शकाचं विचारलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मी तुझ्या जागी असते तर तिकीट काढलं असतं, आणि हळदीचा डेटा मी इथून पाठवला असता." आता त्यांच्यावरच राग आलाय थोडा.

---

आकडेमोड्या

मॅडम लाखात एक आहेत, त्यांना सोडू नकोस, तिकडे गेलीस तरी कमिटीवर बाहेरच्या सदस्य म्हणून घेता येतात का विचार.

ऑफर लेटर परत वाच. 'ट्यूशन माफ' लिहिलंय म्हणजे सगळं माफ नसतं, दर सेमिस्टरला 'फीज' म्हणून वेगळी रक्कम लावतात आणि ती तुझ्या स्टायपेंडमधूनच जाते. हेल्थ इन्शुरन्स कोण भरतं, उन्हाळ्याच्या तीन महिन्यांचे पैसे आहेत का, सहाव्या वर्षी काय. आणि त्यांच्या पीएचडीचा सरकारी विषय-कोड ४५.०६०३ आहे का तेपण विचार, तो इकॉनोमेट्रिक्सचा कोड एसटीईएममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या गटात) धरतात, त्यामुळे शिक्षण झाल्यावर एकाऐवजी तीन वर्षं ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच मिळणारी कामाची परवानगी) काम करता येतं.

---

कवठीचाफा

लेटरमध्ये फक्त नऊ महिन्यांचं लिहिलंय!! उन्हाळ्याचं काहीच नाही. थांबा, मेल लिहिते.