युक्तिवादाच्या तारखेला ईएमजीचा अर्ज : म्हणणं काय द्यावं?

प्रश्न – ग्राहकपक्ष

जिल्हा ग्राहक आयोगातलं प्रकरण आहे. कुल्ल्यात इंजेक्शन दिल्यावर लगेच उजवं पाऊल उचलेना, फूट ड्रॉप झाला, अशी तक्रार. दोन्ही बाजूंची शपथपत्रं झाली, पुरावा संपल्याच्या पुरसीस (तसं सांगणारी लेखी निवेदनं) दिल्या. आता युक्तिवादाच्या तारखेला सामनेवाल्या हॉस्पिटलने अर्ज टाकलाय : तक्रारदाराची ईएमजी-एनसीव्ही तपासणी (स्नायूत सुई घालून आणि नसेतून संदेश जाण्याचा वेग मोजून करतात ती) करावी, नस गुडघ्याखाली दबली असावी. घटनेला चार वर्षं झाली. तक्रारदाराने नकार दिला तर?

उत्तर – निशाणी_५

सुई टोचायला जबरदस्ती कोणी करणार नाही, पण नकार महागात पडतो. शारदा विरुद्ध धर्मपाल (2003) हा निकाल वैवाहिक वादातला असला तरी दाखला त्याचाच येईल. न्यायालय वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकतं, त्याने अनुच्छेद 21 चा भंग होत नाही, आणि आदेश मोडला तर प्रतिकूल अनुमान (नकार देणाऱ्याच्या विरोधात निष्कर्ष) काढता येतं. मात्र त्याच निकालात अट आहे : मागणाऱ्याचं प्रकरण प्रथमदर्शनी भक्कम हवं.

म्हणून विरोध उशिरावर करा. के. के. वेलुसामी (2011) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुरावा संपल्यावरही तो पुन्हा उघडता येतो असं म्हटलं, पण ते सरसकट नाही. आपल्या पुराव्यातली भोकं बुजवायला तर नाहीच. नस गुडघ्याखाली दबल्याचा बचाव लेखी जबाबात होता का, ते आधी पाहा. असेल तर इतका काळ गप्प का? नसेल तर हा नवाच बचाव. दिवाणी दाव्यात असा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26 नियम 10-अ (वैज्ञानिक तपासणीसाठी आयुक्त नेमणं) खाली येतो. आयोगाचे अधिकार ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 38(9) मध्ये मोजून दिलेत. अर्जात कलम कोणतं लिहिलंय तेही वाचा.

उत्तर – न्यूरोलॅब

आंधळा विरोध करू नका, ही तपासणी तक्रारदाराच्या कामाची ठरू शकते. चार वर्षांनी ईएमजी इजा *कधी* झाली ते सांगत नाही. ताज्या इजेच्या खुणा सुईत साधारण तिसऱ्या आठवड्यापासून दिसतात. आता जुनी इजा आणि पुन्हा जोडणी, एवढंच दिसेल. पण इजा *कुठे* झाली ते अजून बरंच कळतं.

सगळा खेळ मांडीच्या मागच्या बायसेप्स फिमोरिस स्नायूच्या शॉर्ट हेडवर आहे. सायटिक या कुल्ल्यातून पायात जाणाऱ्या मोठ्या नसेच्या पेरोनिअल भागाकडून (पाऊल उचलणारा भाग हाच) चालणारा, गुडघ्याच्या वरचा हा एकमेव स्नायू. त्यात जुन्या इजेची मोठी, पॉलिफेजिक (अनेक टोकांची) विद्युत युनिट्स सापडली तर ‘नस गुडघ्याखाली दबली’ हा बचाव एकट्याने टिकत नाही. उलट तो नॉर्मल आला म्हणून वर इजा नव्हतीच, असंही ठरत नाही. सायटिकमधले काही तंतू वाचू शकतात. अनेक रिपोर्टांत हा स्नायू तपासलेलाच नसतो. कण्यालगतचे स्नायू आणि कुल्ल्यातला ग्लुटिअस मीडिअसही हवेत, नाहीतर उद्या ‘एल-5 ची (कमरेच्या पाचव्या मणक्याजवळची) नस मणक्यात दबली’ म्हणतील. सुपरफिशिअल पेरोनिअल या संवेदनेच्या नसेचा प्रतिसाद गेलेला असेल तर मणक्याचा मुद्दा आणखी लंगडा.

पाय गार असला तर वेग खोटा कमी येतो, अंशाला साधारण दीड ते अडीच मीटर प्रतिसेकंद. पाय शेकून तापमान नोंदवायला लावा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

उत्तर – निशाणी_५

हे सगळं म्हणण्यात (अर्जावरच्या लेखी उत्तरात) पर्यायी विनंती म्हणून घाला : अर्ज फेटाळावा, मंजूर केलाच तर पुढील अटींवर. डॉक्टर आयोगाने नेमावा, सामनेवाल्याने सुचवलेला नको. खर्च, प्रवासासकट, अर्जदाराचा. स्नायूंची नावं आदेशात लिहावीत, दोन्ही पाय तपासावेत. फक्त ‘इम्प्रेशन’ (शेवटचा निष्कर्ष) नको. वेव्हफॉर्म आणि आकड्यांचे तक्ते जोडावेत. डॉक्टरला लेखी प्रश्नावली देण्याची मुभा राखावी.

ग्राहकपक्ष

लेखी जबाब काढून पाहिला. गुडघ्याखाली दबल्याचा शब्द नाही, ‘आधीचा मणक्याचा त्रास’ एवढंच आहे.

न्यूरोलॅब

मग कण्यालगतच्या स्नायूंचा आग्रह सोडूच नका. आणि हॉस्पिटलने तेव्हा, तीन-चार आठवड्यांनी, ईएमजी सांगितली होती का, ते डिस्चार्ज कार्डात आणि पुढच्या ओपीडी नोंदींत शोधा.