रेडिएशननंतर आईचा थकवा जाईना, सोलापुरात व्यायामाचं काय करू?

विडी घरकुलची लेक:
आई ५६ वर्षांची, स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन, केमो झाली, मग बार्शीला रेडिएशन. ते संपून तीन महिने झाले. रिपोर्ट चांगले आहेत, पण अंगात जीवच नाही म्हणते. आंघोळ केली तरी तासभर पडून राहते. तीस वर्षं विड्या वळल्या तिने. आता सूप मांडीवर घेऊन बसली तर अर्ध्या तासात मान टाकते. येणारा-जाणारा सांगतो, आराम कर. ती आराम करते आणि आणखी गळते. चालायला न्यावं का? कुठं? फिजिओ कसा निवडायचा?

मुरारजी पेठ:
ताई, मी यातून गेलेय. हा थकवा झोपून जात नाही, हे मला वेळेवर कुणी सांगितलं नाही. दोन महिने पलंगावर काढले आणि जिना चढताना पाय लटपटायला लागले. घरापुढंच पाच मिनिटं चालायला सुरुवात केली, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवली. दीड महिन्याने सिद्धेश्वर तलावाकाठी जायला लागले. चालताना बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग. दुसऱ्या दिवशी उठवेना तर थोडं कमी करायचं, बंद नाही करायचं. एकदा बरं वाटलं म्हणून सगळं घर धुऊन काढलं आणि तीन दिवस आडवी पडले. आईंना हे आवर्जून सांगा. बरं वाटलेल्या दिवशीच जपायचं असतं.

होटगी रोड फिजिओ:
आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. झोप लागते का, मन उदास असतं का, तेही डॉक्टरांना सांगा, थकव्याचं मूळ तिथंही असतं. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २०१९ मध्ये दिलेला सल्ला असा: आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम, सोबत दोनदा ताकदीचा, निदान ८ ते १२ आठवडे. तिथपर्यंत हळूहळू पोचायचं. ताकदीसाठी खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला तळवे लावून ढकलणं पुरे. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताकडं लक्ष ठेवा. हात सुजला किंवा जड वाटला की थांबा आणि दाखवा. केमोने तळपाय बधिर झाले असतील तर अनवाणी नको, बंद बूट आणि सपाट जागा. ताप, छातीत दुखणं, चक्कर, हाडात नवं दुखणं असेल तर व्यायाम नाही, आधी डॉक्टर. फिजिओ निवडताना थेट विचारा, ऑपरेशननंतरची हाताची सूज हाताळली आहे का? जिथं उपचार झाले तिथंही चौकशी करा.

सात रस्ता:
आपल्याकडचं ऊन विसरू नका. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत परत या. आणि खाणं बघा. माझ्या वडिलांचं तोंड आलं होतं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी लागायची नाही. ज्वारीची मऊ भाकरी वरणात कुस्करून, दही, उकडलेलं अंडं, असं चालवलं. पोटात डाळ-अंडं नसेल तर चालून ताकद कुठून यायची?

विडी घरकुलची लेक:
हिमोग्लोबिन ९ निघालं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, चालायला हो म्हणाले. आज संध्याकाळी आई शेजारच्या मावशींबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली, सात मिनिटं. आल्यावर झोपली नाही, चहा टाकला. फिजिओ, भिंतीचा व्यायाम ऑपरेशनच्या बाजूच्या हातानेही करायचा का? खांद्यापर्यंतच हात वर जातो तिचा.