गमबूट आणि खिडकीची रबरी पट्टी: दोन्हींना एकच गोंद चालेल का?

खाडीकाठ:
नमस्कार. मी मालवणजवळ राहतो. लावणीच्या वेळी घालायचे माझे दोन्ही गमबूट घोट्यापाशी, चालताना जिथे घडी पडते तिथे, बोटभर चिरले आहेत. क्षणात चिकटणाऱ्या गोंदाची नळी आणून मी चिरा जोडल्या. जोड दगडासारखा घट्ट वाटत होता, परंतु दुसऱ्या दिवशी कुणग्यात, म्हणजे भाताच्या शेतात, उतरून चार पावले टाकताच गोंदाची पापडी तडकली आणि मोजे चिखलाने भरले. शिवाय पडवीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीची काळी रबरी पट्टी आखडून कोपऱ्यात फट पडली असून, वारा सुटला की तेथून पाणी आत येते. दोन्ही कामांसाठी एकच गोंद सुचवता येईल का?

आगरवाट:
एकच गोंद चालणार नाही, कारण आपण ज्याला सरसकट रबर म्हणतो त्यात निरनिराळे पदार्थ येतात. बाजारातले पुष्कळसे गमबूट तर रबराचे नसून पीव्हीसी या प्लॅस्टिकचे असतात. सुई पकडीत धरून लाल होईपर्यंत तापवावी आणि बुटाच्या वरच्या काठाला आतून टेकवावी. सुई सहज आत शिरली आणि ओढताना बारीक तार निघाली, तर ते पीव्हीसी समजावे. खरे रबर वितळत नाही, ते नुसते करपते. ही परीक्षा उघड्यावर करावी आणि धूर हुंगू नये.

रबर असेल तर चांभाराकडे मिळणारे पिवळसर सोल्युशन, म्हणजे निओप्रीनचा गोंद, योग्य ठरते, कारण ते वाळल्यावरही लवचिक राहते. आपला आधीचा गोंद वाळल्यावर काचेसारखा कडक होतो, म्हणून तो घडीच्या जागी टिकला नाही. पीव्हीसी असेल तर मात्र हे सोल्युशन काही दिवस धरते आणि मग सुटते. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले तेलासारखे द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येते आणि गोंदाला मऊ करते. त्यासाठी पॉलियुरेथेनचा गोंद लागतो. पादत्राणांच्या कच्च्या मालाच्या दुकानात ‘पीयू सोल्युशन’ म्हणून मागावा.

नुसती चीर जोडून भागणार नाही, आतून ठिगळ लावावे. बुटाच्या वरच्या काठाची दोन बोटे रुंद पट्टी कापली तर ठिगळ आणि बूट एकाच पदार्थाचे होतात. ठिगळाचे कोपरे गोल करावेत, कारण टोकदार कोपरा आधी उचकटतो. बूट खारट पाण्यात गेले असतील तर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत, 80 नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंची चकाकी घालवावी आणि भुकटी पुसून काढावी. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर देऊन, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, साधारण 10 ते 15 मिनिटे थांबावे. मग एकदाच नेमके बसवून लाकडी हातोडीने ठोकावे आणि 24 तास बूट पायात घालू नयेत. पीयूच्या डब्यावर वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळावी.

आपल्याकडे पावसाळ्यात खरी अडचण वाळण्याची आहे. गोंदातला द्रावक उडताना थर गार पडतो, त्यावर दमट हवेतले पाणी धरते आणि थर दुधाळ दिसू लागतो. तशा थरावर दाबलेले ठिगळ वरून चांगले दिसते आणि नंतर सालीसारखे निघते. म्हणून उघडीप मिळेल त्या दुपारी, आधी बूट कोमट करून काम करावे. द्रावकाची वाफ पेट घेते, तेव्हा चूल किंवा देवापुढचा दिवा जवळ नसावा.

चिखलपाय:
वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त खिडकीविषयी लिहितो. तशी काळी पट्टी बहुधा ईपीडीएम या कृत्रिम रबराची असते आणि तिच्यावर सोल्युशन नीट धरत नाही. ज्या गोंदाला आपण दोष दिलात, तोच येथे उपयोगी पडेल, कारण कोपऱ्यातला जोड वाकत नाही. पट्टी ताणून टोके जुळवू नयेत, ती पुन्हा आखडते. नवी पट्टी बोटभर जास्त कापून खाचेत दाबत बसवावी, टोके नव्या ब्लेडने सरळ कापावीत आणि एकच थेंब लावून अर्धा मिनिट धरावीत. हा गोंद हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होत असल्यामुळे आपल्या हवेत फार सवड देत नाही. उरलेली नळी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी, नाहीतर पुढच्या वेळी तिचे तोंड टाचणीनेही उघडत नाही. पट्टी सिलिकॉनची असेल तर मात्र सिलिकॉन सीलंटशिवाय दुसरे काही चिकटणार नाही.

खाडीकाठ:
दोघांचेही आभार. सुई लोण्यात शिरावी तशी गेली आणि तारही निघाली, म्हणजे बूट पीव्हीसीचेच आहेत. आपले उत्तर वाचण्यापूर्वीच मी उजवा बूट चांभाराकडच्या सोल्युशनने डकवला होता. त्याचे ठिगळ आज एका कडेने सुटले असून खालचा गोंद बोटाला तेलकट लागतो. डाव्याला काल दुपारी पीयू लावले आहे. तो उद्या चिखलात उतरवीन आणि काय होते ते येथेच कळवीन.