दगडफूल ओळखताना केवळ रंगावर विसंबू नये

दगडफूल वरून राखाडी आणि खालून काळे असले की ते पार्मोट्रेमा पर्लेटम याच जातीचे, हे मत मला पटत नाही, कारण पार्मोट्रेमा टिंक्टोरम या दुसऱ्या जातीचे दगडफूलही खालून काळेच असून कडेकडे तपकिरी होत जाते. खरा फरक भिंगातून दिसतो : पर्लेटमच्या कडांना बारीक काळे केस आणि पिठासारखी भुकटी असते, तर टिंक्टोरमला केस नसतात आणि त्याच्या पृष्ठभागावर बोटाला खरखरीत लागणारे सूक्ष्म कोंब दाटलेले असतात.

अंजनेरीच्या वाटेवर आंब्याखाली गळून पडलेल्या एका तुकड्याची वरची साल मी ब्लेडने हलकेच खरवडली आणि आतल्या पांढऱ्या थरावर ताज्या ब्लीचचा थेंब सोडला, तेव्हा तो लगेच लाल झाला. ही टिंक्टोरममधील लेकॅनोरिक आम्लाची खूण असून पर्लेटममध्ये ती आढळत नाही. मसाल्यासाठी विकत आणलेल्या दगडफुलातही अनेकदा एकाहून अधिक जाती मिसळलेल्या असतात, त्यामुळे ही चाचणी तिथेही अवश्य करून पाहावी.