शब्दचर्चा: 'लेयर्ड टेक्श्चर'ला थरांचा पोत म्हणायचं का?

रेघोटी: गेममधल्या भिंती, जमिनी, खडक यांची टेक्श्चर्स, म्हणजे त्यांच्यावर चढवायची चित्रं, फोटोशॉप किंवा गिंप या चित्रांच्या प्रोग्राममधे कशी रंगवायची त्यावरचं एक ट्यूटोरियल मराठीत करतोय. एकावर एक लेयर चढवत जुनाट भिंत तयार करायची, असा सगळा मामला आहे. मी 'थरांचा पोत' लिहिलं तर मजकूर तपासणाऱ्या बाईंचा शेरा आला, 'पोत थरांचा नसतो, पोत अंगचा असतो'. पोत हा शब्द तर चित्रकलेच्या तासापासून ऐकतोय. मग अडतंय कुठे? आणि लेयरला थर, स्तर की पदर?

काठपदर: बाईंशी मी सहमत. पोत मुळात कापडाचा. आमचे वडील कापड घेताना आधी चिमटीत धरून चोळायचे, मग उजेडासमोर धरायचे आणि मग सांगायचे पोत दाट आहे की विरळ. छपाई कितीही सुंदर असो, तिला पोत कुणी म्हणत नसे. जमिनीचा पोत म्हणतो तेव्हाही माती हातात घेऊनच बोलतो ना आपण. तुम्ही फोटोशॉपमधे करताय ती छपाई झाली.

भिंगरी: हे काम रोज करते म्हणून बोलते. काठपदर, इंग्रजीतही हेच झालंय हो. टेक्श्चर आलाय लॅटिनमधल्या 'विणणे'वरून. पण 1974 मधे कॉम्प्युटर ग्राफिक्सवाल्या एडविन कॅटमलनी पीएचडीच्या प्रबंधात वक्र पृष्ठभागावर चित्र बसवायची रीत मांडली, आणि पुढे ग्राफिक्सवाल्यांसाठी टेक्श्चर म्हणजे मॉडेलवर चढवायचं चित्र असंच होऊन बसलं. उंचसखलपणाचा नुसता भास आणायची युक्ती त्याच क्षेत्रातल्या जिम ब्लिनची, ती 1978 ची. त्यांनी विणकराचा शब्द चित्रावर नेला तर चालतं, आपण नेला की लाल रेघ?

तळटीप: दुसऱ्यांनी ताणला म्हणून आपण फाडायचा का? 'स्तरित पृष्ठचित्र' म्हणा, अर्थ स्वच्छ.

अडगळ: स्तरित पृष्ठचित्र हे वाचून कुणी ब्रश हातात घेईल असं वाटत नाही 😄 आणि तळटीप, थर हा स्तरचाच मुलगा आहे. संस्कृत स्तर, प्राकृतातून येताना 'स्त'चा 'थ' झाला. घरात मुलगा कामाला असताना आजोबांना कशाला उठवताय.

माझी स्वतःची एक शंका, पोतेरं पण पोतवरूनच असेल का? विटलेल्या कापडाचंच करतात.

काठपदर: हा नुसता तर्क झाला. पोतं पण आणाल आता.

रेघोटी: अहो, लेयरचं काय ठरलं?

भिंगरी: थर. पदर म्हटलं की एका बाजूने सुटलेलं काहीतरी डोळ्यासमोर येतं. पण खरं सांगू का, मला टेक्श्चर आणि लेयर हे शब्द तसेच ठेवलेले चालतात, मराठी लागते ती पुढे, कारण भिंतीचं म्हातारपण सांगायला आपल्याकडे जे शब्द आहेत ते ट्यूटोरियलवाले वापरतच नाहीत. सगळ्याला 'डॅमेज लेयर'. आता बघा, सगळ्यात खाली गिलावा, त्यावर रंगाचा लेयर, आणि रंगाच्या लेयरला मास्क. मास्कमधे काळं मारलं की तिथला रंग जातो आणि गिलावा दिसतो, ते झाले पोपडे. पोपड्याच्या कडेला एक बारीक गडद रेघ द्यायची नाहीतर तो नुसता डाग वाटतो. मग खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून येणारे ओघळ, वेगळ्या लेयरवर, मोड (लेयर खालच्यात मिसळायची रीत) मल्टिप्लाय, म्हणजे खालचं गडद करणारा. तळाशी ओल, तिच्या वरच्या कडेला लोणा, म्हणजे ओलीने भिंतीवर फुटणारा खार, तो पांढरट, मल्टिप्लायवर दिसणारच नाही, त्याला उजळवणारा स्क्रीन मोड किंवा साधा नॉर्मल. ओघळ, ओल, लोणा असं लेयरना नाव देऊन ठेवलं की सहा महिन्यांनी फाईल उघडली तरी कळतं काय कुठे आहे ते.

तळटीप: मल्टिप्लायला गुणाकार म्हणायला काय हरकत होती?

भिंगरी: काहीच नाही, तो अक्षरशः गुणाकारच आहे. काळा 0, पांढरा 1 धरायचा. 0.5 वर 0.5 ठेवला की 0.25, म्हणजे गडद. पांढरा ठेवला तर खालचं जसंच्या तसं. फक्त मेनूमधे तो शब्द सापडणार नाही.

अडगळ: आणि सीमलेसला, म्हणजे शेजारी शेजारी लावलं तरी जोड न दिसणाऱ्या टेक्श्चरला? 'विनाजोड' वाचलंय मी कुठेतरी, अंगावर काटा आला.

काठपदर: बेमालूम! रफू बेमालूम झालं म्हणतो तसं. सांधा आहे पण कळत नाही.

तळटीप: फारसी 'बे', अरबी 'मालूम'. अखंड म्हणा.

काठपदर: अखंड म्हणजे सांधाच नाही. इथे सांधा आहे आणि लपवलाय. फरक आहे.

भिंगरी: बेमालूमला माझं मत. ऑफसेट फिल्टरने नेमकं तेच करतो आपण, 2048 चं चित्र दोन्हीकडे 1024 ने सरकवायचं, कडा मधोमध येऊन अधिकच्या चिन्हासारखा सांधा दिसतो, तो क्लोन स्टॅम्पने, म्हणजे शेजारचा भाग उचलून वर छापणाऱ्या साधनाने, बुजवायचा. पण रेघोटी, हे ट्यूटोरियलमधे नक्की घाला, फिल्टर निवडलेल्या लेयरपुरताच चालतो आणि मास्क वेगळा सरकवावा लागतो. तो राहिला की पोपडे एकीकडे आणि त्यांच्या कडा भलतीकडे.

अडगळ: एक बाळबोध प्रश्न. गेममधे जाताना हे सगळे लेयर चपटेच होतात ना? मग टेक्श्चर 'थरांचं' कुठे राहिलं, थर तर फाईलमधे राहिले.

भिंगरी: भिंतीच्या बाबतीत बरोबर. पण मैदान, डोंगर असं असेल तर गवत, माती, खडक अशी वेगवेगळी टेक्श्चर्स गेम चालवणाऱ्या इंजिनमधेच एकत्र मिसळतात, कुठे कोण किती दिसणार ते एका वेगळ्या चित्राच्या लाल, हिरव्या, निळ्या चॅनलमधे साठवलेलं असतं. तिथे थर खरोखर शेवटपर्यंत जिवंत असतात. दोघांना इंग्रजीत एकच नाव.

तळटीप: म्हणूनच आधी व्याख्या करा म्हणतो मी.

रेघोटी: माझं भिंतीचंच आहे. पुढच्या धड्यात गंजलेलं लोखंडी दार आहे, तिथेही रंगाचे पोपडेच लिहिलेत.

काठपदर: लोखंडाला पोपडे? पोपडे भिंतीला, जमिनीला. गंजाची खपली निघते.

अडगळ: खपली जखमेची. गंज झडतो.

भिंगरी: झडून खाली पडला तो गेला. मला दारावर अजून चिकटलेला, कडेने उचललेला रंगवायचाय, त्याला खपलीच. आणि गंजाचा ओघळ मल्टिप्लायवर टाकाल तर नारिंगी मरून तपकिरी चिखल होतो, ओव्हरले मोडवर बघा.

तळटीप: 'पत्री' का नको, पानासारखा पातळ तुकडा या अर्थाने?

काठपदर: पत्री सुबक असते हो, गंज कसला सुबक. पापुद्रा एक वेळ चालेल.

अडगळ: पापुद्रा फार पातळ.